नरक्याचे ऋण

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर, कोयना, पाटण, राधानगरी, आंबोली या बाजूच्या दाट सदाहरित रानात एक झुडूप वाढते. जागा मानवली तर त्याचे दोन-चार पुरुष उंचीचे लहानसे झाडही होते. पाने मोठी, फांदीच्या शेंड्याला झुपक्याने आलेली; फुले बारीक, फिकट पिवळसर; आणि पावसाळा सरल्यावर जांभळी-काळी होणारी, पोटात एकच बी असलेली फळे. या झुडपाला आपल्याकडचे लोक नरक्या म्हणतात आणि अमृता असेही म्हणतात. (गुळवेलीलाही अमृता हे नाव आहे; ती निराळी. वाचकांनी घोटाळा करू नये.) एकाच देहाला एक नाव नरकाचे आणि एक अमृताचे! नरक्या हे नाव नाकाने ठेवलेले आहे, कारण त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. कानडी मुलखात त्याला ‘दुर्वासने मर’ म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पोथ्यांत त्याचे नाव मॅपिया फिटिडा असे आहे. यातल्या फिटिडा या शब्दाचा अर्थही घाणीचा. म्हणजे मराठी, कानडी आणि लॅटिन या तिन्ही भाषांचे या एका गोष्टीवर तरी एकमत झाले. हल्लीचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना असे आहे. जॉन ग्रॅहम याने मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी केली, ती १८३९ साली निघाली. तीत या झाडाची नोंद असून निम्मो नावाच्या सहकाऱ्यावरून त्याला हे नाव मिळाले.

आता कोणी विचारील, की या मासिकात घाणेरड्या वासाच्या झुडपाचे आख्यान कशाला? त्यांस आमचे सांगणे असे, की गळ्यात झुडपाचेच काष्ठ मिरवणाऱ्या मंडळींनी तरी हा प्रश्न विचारू नये. पण तेवढेच कारण नाही. या नरक्याच्या निमित्ताने धर्माधर्माचा एक असा पेच उभा राहिला आहे, की तो सोडवल्यावाचून चांगल्या माणसाला स्वस्थ झोप येऊ नये असे आम्हांस वाटते. तो पेच समजण्यासाठी आधी थोडी हकीकत ऐकून घ्यावी लागेल.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि तिथेच २०२० साली वारले. त्या चिनी झाडाला त्यांच्या भाषेत ‘आनंदवृक्ष’ म्हणतात. त्याच्यातले हे द्रव्य कर्करोगाच्या गाठीवर चालते असे दिसून आले, आणि जगभर शोध सुरू झाला की हे आणखी कोणत्या झाडात सापडते. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले, की आमच्या नरक्यात सापडते, आणि चिनी झाडापेक्षा पुष्कळ अधिक सापडते. गोविंदाचारी त्या काळी मुंबईत गोरेगावच्या एका संशोधनशाळेचे प्रमुख होते. म्हणजे ज्या झुडपाच्या वाऱ्याला माणूस नाकाला धोतराचा सोगा लावून जात होता, त्याच्या लाकडात मरणाशी झुंजणारे द्रव्य भरलेले निघाले.

पुढचा प्रवास सोपा झाला नाही. १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत रोग्यांवर प्रयोग झाले, तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि प्रयोग थांबवावे लागले. १९८५ साली या द्रव्याची काम करण्याची रीत समजली, तेव्हा पुन्हा उमेद आली. ती रीत मोठी नवलाची आहे. पेशीच्या पोटात वंशसूत्राचा लांबच लांब पीळदार धागा असतो. पेशीची दुप्पट व्हायची तर तो धागा उलगडावा लागतो. आणि पीळ घातलेले सूत एका बाजूने उलगडू लागले म्हणजे पुढे पीळ चढून आढे पडतात, हे ज्याने चरखा चालवला आहे त्याला सांगायला नको. हा चढलेला पीळ उतरवण्यासाठी पेशीत एक कारागीर नेमलेला आहे. तो धाग्याचा एक पदर तोडतो, पीळ जाऊ देतो आणि पदर पुन्हा सांधतो. नरक्याचे द्रव्य नेमके तोडल्यानंतर आणि सांधण्यापूर्वी येऊन त्या कारागिराचा हात धरून ठेवते. भराभर वाढणारी रोगट पेशी त्यातच मरते. चांगल्या पेशींनाही तडाखा बसतोच. जुलाब होतात, केस जातात, रक्त उतरते. तरी या द्रव्यात फेरफार करून केलेली दोन औषधे, इरिनोटेकान आणि टोपोटेकान, आज वापरात आहेत. पहिले जपानात १९९४ साली मान्य झाले, अमेरिकेत १९९६ साली दोन्ही. आतड्याच्या, बीजकोशाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगात ती देतात.

इथपर्यंत सर्वांनी टाळ्या वाजवाव्यात अशीच गोष्ट आहे. पण नरक्याचा घात इथूनच सुरू झाला.

हे द्रव्य झाडात फार थोडे असते. चांगले झाड निघाले तरी हजार किलो वाळल्या लाकडामागे साधारण किलोभर धरावे, कित्येकदा त्याहून कमी. म्हणून लाकूड ढिगांनी लागते. त्यातही मुळाच्या सालीत ते अधिक असते, आणि ही एकच गोष्ट त्या झुडपाच्या मुळावर आली असे म्हटले तर तो शब्दखेळ नव्हे, अक्षरशः खरे आहे. बुंधा कापून नेला असता तर नरक्या पुन्हा फुटला असता. तो चिवट आहे. कापल्या खोडाला धुमारे येतात. पण मुळासकट उपटलेल्याला धुमारे कुठून यावेत? घाटातल्या वाड्यावस्त्यांवरून लाकडाचे तुकडे करून, पोत्यांत भरून माल खाली येऊ लागला, पुढे परदेशी जाऊ लागला. चोरून नेलेला नरक्या वनखात्याने पकडल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचतो. त्याची बी सहजी रुजत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी नर फुलांची झाडे वेगळी आणि फळे धरणारी वेगळी असतात. तेव्हा रानात दहा झाडे उरली आणि ती सगळी एकाच जातीची निघाली, तर डोळ्यांना रान हिरवे दिसते, पण पाळणा हलत नाही. भरीस भर म्हणून ज्या रानात तो वाढतो ते रानच आक्रसत चालले आहे. कुठे काजू लागले, कुठे दोडामार्गासारख्या भागात रबर आला, कुठे वणवा, कुठे खाण, कुठे रस्ता. धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या याद्यांत आता या झुडपाचे नाव आहे.

पाटणच्या वरल्या अंगाला एका धनगरवाड्यावर आम्ही एका माणसाला विचारले होते, की बाबा, हे लाकूड कशाला नेतात ते तुला ठाऊक आहे का? तो म्हणाला, “औषधाला नेत्यात म्हनं. कसल्या, ते आमाला कोन सांगतंय? वजनावर पैसं मिळालं, घरात तांदूळ आलं.” मग थोडे थांबून म्हणाला, “आता खाली गावतच न्हाई. वर कड्याला हाय, पन तितं जायाचं म्हंजी जिवाचं काम.” त्याच्या बोलण्यात ना अपराध होता, ना फुशारकी. आम्हांला पुढे काही बोलवले नाही.

आता पेच पाहू. एका बाजूला आतड्याच्या रोगाने खंगलेली एक बाई आहे. तिला लहान पोरे आहेत असे समजा. दुसऱ्या बाजूला रानातले एक दुर्गंधी झुडूप आहे. कोणाला राखावे? आम्ही येथे आढेवेढे घेत नाही. बाईला राखावे. झाडाचा जीव आणि बाईचा जीव सारखाच, असे म्हणणारे कोणी असतील तर त्यांच्या वैराग्याला आमचा दुरूनच दंडवत. स्वतःच्या लेकीच्या उशाशी बसल्यावर ते काय म्हणतात, तेवढे मात्र आम्हांस ऐकायचे आहे.

पण प्रश्न असा मांडला की उत्तर सोपे होते, आणि सोपे व्हावे म्हणूनच तो पुष्कळदा असा मांडतात. जगात ती बाई आणि ते झुडूप असे दोघेच समोरासमोर कधी उभे नसतात. मध्ये भली लांब साखळी असते. तोडणारा, पोती वाहणारा, वजन करणारा दलाल, चोरवाटेने गाडी काढणारा, अर्क काढणारा कारखाना, औषध घडवणारी पेढी, विकणारा, लिहून देणारा, आणि सर्वांत शेवटी ती बाई. तिच्या नावावर साखळीतला प्रत्येक जण आपला हात पुसून घेतो. शिवाय आज मूळ उपटले तर दहा वर्षांनी आजारी पडणाऱ्या दुसऱ्या बाईने काय करावे? तिचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तिच्या वतीने कोणी बोलत नाही. तेव्हा बारकाईने पाहिले तर मूळ उपटणारा झाडाविरुद्ध माणसाचा पक्ष घेत नसतो. उद्याच्या रोग्याच्या तोंडचे काढून तो आज बाजारात विकत असतो. बुंधा राखून कापला असता तर आजच्या रोग्याचेही काही अडले नसते. थोडा वेळ लागला असता आणि नफा थोडा कमी झाला असता, इतकेच.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याने घरी येऊन विचारले, माझ्या पापात वाटेकरी कोण? बायकोमुलांनी हात झटकले. आणलेले खाल्ले, पण वाटा नाकारला. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी वाल्याच्या बाजूला उभे राहतो. घरच्या माणसांच्या जागी आपण आहोत असे समजून ती कोणी सांगितलेली आम्ही तरी ऐकली नाही. नरक्याच्या बाबतीत आपण सगळे त्या घरात बसलेले आहोत.

मग पाप कोणाचे? आम्हांस असे वाटते, की दोष मोजताना दोन मापे लावावीत. ज्याला जितके कळत होते आणि ज्याला दुसरा मार्ग जितका मोकळा होता, तितका त्याचा वाटा. या मापाने धनगरवाड्यावरच्या त्या माणसाच्या पदरात फार थोडे पडते. त्याला कळत नव्हते, आणि घरात तांदूळ नव्हता. रोग्याच्या पदरात तर काहीच पडत नाही. औषध घेणाऱ्या कोणा भगिनीने हे वाचून मनाला लावून घेऊ नये; तिने औषध वेळेवर घ्यावे. ‘मुळासकट आणा, भाव अधिक देतो’ असे सांगणाऱ्याला मात्र दोन्ही माहीत होते, की असे केल्याने झाड पुन्हा येणार नाही आणि वेगळ्या रीतीने केले तर येईल. त्याच्याकडून माल घेताना हा कुठला, कसा आणला, हे मुद्दाम न विचारणाऱ्यालाही आम्ही मोकळे सोडीत नाही. न विचारणे हे अज्ञान नव्हे, ते विकत घेतलेले आंधळेपण आहे.

येथवर बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. खरी अडचण याच्या पुढे आहे. समजा, उद्या हे औषध झाडाशिवाय मिळू लागले. प्रयत्न चालूच आहेत. २००५ साली आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी वेगळी काढली. ती बुरशी काचेच्या भांड्यात स्वतःच हे द्रव्य तयार करते असे दिसले. मोठा आनंद झाला. पण अशा बुरशा झाडापासून तोडून भांड्यामागून भांडे वाढवीत गेले म्हणजे त्यांचे द्रव्य पिढीगणिक कमी होत जाते, असाही अनुभव पुढे आला. माहेर तुटलेल्या मुलीचे गाणे हळूहळू बंद व्हावे, तसे काहीसे. तरीही धरून चालू की एक दिवस ही अडचण सुटेल आणि औषधासाठी नरक्याची एक काडीही लागणार नाही. त्या दिवशी सह्याद्रीतला शेवटचा नरक्या वाळून गेला तर काही बिघडले का?

‘काही नाही’ असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, वस्तूची किंमत ती कोणाच्या तरी उपयोगी पडण्यात असते. उपयोग सरला की हळहळ ही केवळ भावना. यावर एक उत्तर हिशेबाचे आहे. १८३९ मध्ये नरक्याची नोंद झाली आणि १९७२ मध्ये त्याचा गुण कळला. मधली १३३ वर्षे तो शहाण्यांच्या लेखी निरुपयोगीच होता. त्या काळात कोणी उपयोगाच्या तागडीने रान निवडायला बसला असता तर त्याने पहिला कोयता या दुर्गंधी झुडपावरच चालवला असता. आपल्याला उपयोग दिसत नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण आमचे त्याने समाधान होत नाही, कारण यातही झाड आपल्या उपयोगासाठीच राखायचे आहे. आज नाही तर उद्याच्या.

आम्हांस दुसरे उत्तर अधिक पटते. नरक्याने हे द्रव्य आपल्यासाठी केलेले नाही. ते विष आहे, आणि पाने-साल कुरतडणाऱ्या किडीपासून जीव वाचवण्यासाठी वनस्पती असली विषे अंगी बाळगतात. ती त्यांची तटबंदी. त्या तटबंदीतला एक दगड आपल्या घराच्या पायाला चपखल बसला, हे आपले भाग्य. पण किल्ला काही आपल्यासाठी बांधला नव्हता. फुलांची घाण आपल्याला सोसत नाही, पण फूल आपल्याला बोलावतच नसते. तो ज्याला बोलावतो तो किडा बरोबर येतो. नरक्या हे नाव खोटे नाही, ते फक्त माणसाच्या नाकापुरते खरे आहे. आणि अमृता हे नाव माणसाच्या आजारापुरते. या दोन्ही नावांच्या पलीकडे तो कोणीतरी आहेच, आपण आलो नसतो तरी असता. जे आपल्यासाठी केलेले नाही ते आपले नाही. आणि जे आपले नाही ते घेतले, तर त्याला ऋण म्हणतात.

ऋणाबद्दल आपल्या लोकांची समज जुनी आणि पक्की आहे. बापाचे कर्ज मुलगा फेडतो, सावकार मेला तरी त्याच्या वारसाला नेऊन देतो. पण येथे विचित्र असे की सावकार मागत नाही. नरक्या दारात येऊन बसणार नाही, कोर्टात जाणार नाही, शाप देणार नाही. कोणी म्हणेल, ज्याला मागता येत नाही त्याचे देणे कसले? आम्ही विचारतो, तान्हे मूल मागते काय? मुका मागतो काय? मेलेला बाप मागतो काय? ज्याला मागता येते त्याचे देणे तर भीतीनेही फेडले जाते. ऋण हा शब्द खरा कामाला येतो तो मागणारा नसतो तिथेच.

घाटातल्या आडगावी अजून देवराया आहेत. तिथे काडी मोडायची नाही, पान तोडायचे नाही, अशी वहिवाट. तिथल्या देवाला नाव असते, कधी नुसता शेंदूर फासलेला दगड. लोक भ्यायचे म्हणून तोडत नसत. आम्ही या भीतीला फार वेळा नावे ठेवली आहेत, आणि भीतीची भक्ती ही भक्ती नव्हे हे आमचे मत आजही तेच आहे. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांना आपण अडाणी म्हटले त्यांच्या भीतीने रानाचा काही तुकडा शेकडो वर्षे राखला. आणि ज्या ज्ञानाने नरक्याचा गुण शोधला, त्याच्या नुसत्या बातमीने काही दशकांत त्याची मुळे उपटली गेली. ज्ञान नको असे आम्ही म्हणत नाही. त्या ज्ञानाने घरोघरच्या माणसांना आयुष्याची वर्षे दिली आहेत. पण भीती गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही, तर देवराईची राखण कोणी करायची, हे भीती घालवणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. त्यात आम्हीही आलो.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे साधे आहे. मुळाला हात न लावता बुंधा राखून कापणे, कापल्या झाडाला काही वर्षे विसावा देणे, रोपे करून शेताच्या बांधावर लागवड करणे, आणि तिच्यातून येणाऱ्या पैशात वाड्यावरच्या माणसाचा वाटा ठेवणे. चीनमध्ये तो आनंदवृक्ष रस्त्याकडेला नि बागांत सर्रास लावतात. रानात विरळ झाला तरी लागवडीत भरपूर आहे. आपल्या झुडपाचे असे का होऊ नये? सरकार काय ते करील. त्यावर आम्ही येथे लिहीत नाही.

पाटण, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड, सावंतवाडी या बाजूचे आमचे पुष्कळ वाचक आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या गावात देवराई असेल तर पावसाळा सरल्यावर तिथे जाऊन पाहावे. नरक्याची काळीभोर फळे झाडाखाली पडलेली सापडतील. सगळी वेचू नयेत, पाखरांना ठेवावीत. चार आणली तर गर काढून, बी वाळू न देता, सावलीत ओल्या मातीत घालावे. उगवायला फार दिवस लागतात आणि सगळे उगवत नाही. महिना-दोन महिने कुंडीत नुसती मातीच दिसत राहिली तरी ती ओतून टाकू नये. आणि जिथे झाड असेल तिथे, रोप हातभर होईतो, गुरे आत शिरणार नाहीत एवढे कुंपण गावच्या पोरांकडून करून घ्यावे.